चांगल्या रस्त्यावर डांबर कशाला?

रस्त्याच्या कामावर उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो. कुणीतरी दुचाकी कडेला घेतो, डांबराच्या बाउझरकडे, म्हणजे फवारणीच्या टँकरकडे, बघतो, रस्त्याकडे बघतो आणि म्हणतो, "साहेब, हा रस्ता बरा आहे की. पुढं ओढ्यापाशी एवढे खड्डे पडलेत, तिथं टाका ना हे." बोलणाऱ्याचं तसं काही चुकत नाही. पण रस्ता बरा असतानाच द्यायची ही डांबराच्या पातळ थराची कामं म्हणजे घर शाकारण्यातला प्रकार आहे. पावसाळ्याआधी कौलं चाळायची ती भिंती धड असलेल्या घराची. भिंत खचल्यावर वर चढून कौलं नीट करण्यात काय हशील? हे समजावून देणं प्रत्यक्ष डांबर मारण्यापेक्षा जड जातं, म्हणून जरा बैजवार सांगतो.

आधी डांबराबद्दल. खरं डांबर दगडी कोळशापासून निघायचं. आता रस्त्यावर येतं ते बिट्युमेन, म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल वगैरे काढून घेतल्यावर तळाशी उरतो तो चिकट भाग. शब्द मात्र डांबरच राहिला, मीही तोच वापरतो. हॉटमिक्सच्या, म्हणजे गरम कालवलेल्या, मालात त्याचं प्रमाण वजनाने जेमतेम पाच-सहा टक्के, बाकी खडी आणि कच. काम मात्र लाडवातल्या पाकासारखं. पाक चिवट आहे तोवर लाडू वळलेला राहतो, पाक वाळला की भुगा.

हा पाक वाळवतात ऊन आणि हवा. नवा रस्ता काळा कुळकुळीत असतो आणि मे महिन्यात त्यावर चपलेचा ठसा उमटतो. चार-पाच वर्षांत तो राखाडी होतो. तेव्हा त्याला खिळ्याने टोचून बघा, खिळा रुतत नाही, कपची उडते. मग केसाएवढ्या भेगा पडतात. भेग दिसायला किरकोळ, पण पावसाळ्यात तिच्यातून पाणी थेट खालच्या खडी-मुरमाच्या थरात उतरतं. वरून ट्रकचं चाक गेलं की ते पाणी दाबलं जातं आणि मातीचा बारीक अंश घेऊन भेगेतूनच वर येतं. पावसाची उघडीप झाल्यावर काही भेगांच्या कडेला तांबूस किंवा पांढुरका गाळ वाळलेला दिसतो, तो हाच. तो दिसला की समजायचं, पाया पोकळ व्हायला लागला. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत तिथं खड्डा पडला नाही तर नवल.

म्हणजे ऊन, भेग, पाणी, चाक अशी ही साखळी आहे. स्वस्तातले सगळे उपचार तिच्या पहिल्या तीन कड्यांवर काम करतात. वाळलेल्या डांबरावर नवं डांबर चढवतात, भेगा बुजवतात, पाणी अडवतात. चौथी कडी, म्हणजे चाकाचा भार, तिच्यापुढे त्यांचा काही इलाज चालत नाही.

भाराचं गणित तर भलतंच निर्दय आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवले होते. त्या चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा, की एका आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतं. आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर गावरस्त्यावरून रात्रंदिवस जातात. त्या रस्त्याला वरून सहा-आठ मिलिमीटरचा थर दिला म्हणून त्याची ताकद वाढत नाही. ती वाढवायची तर जाडच थर लागतो, किंवा पाया उकरून नव्याने करावा लागतो.

मग ओळखायचं कसं, कुठल्या रस्त्याला पातळ थर पुरेल आणि कुठल्याला नाही? शास्त्रोक्त पद्धतीत बेंकेलमन बीम नावाची एक लांबलचक तरफ असते. मागच्या आसावर ८,१७० किलो भार भरलेला ट्रक उभा करायचा, जोडचाकांच्या मधल्या फटीत तरफेचं टोक ठेवायचं आणि ट्रक हळूच पुढे काढायचा. चाकाखाली दबलेला रस्ता भार गेल्यावर किंचित वर येतो, मिलिमीटरच्या भागांत, आणि तरफेच्या दुसऱ्या टोकाला काटा ते दाखवतो. रस्ता जास्त उसळला म्हणजे खालून मऊ आहे. पण नेहमी उन्हात चालणाऱ्याला एवढं मोजावं लागत नाही. लांब, सुट्या, एकेकट्या भेगा असतील तर आशा आहे. चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटीची जाळी पडली असेल, किंवा चाकोऱ्या बसल्या असतील, तर दुखणं खालच्या थरांत आहे. तिथं सील कोट (पाणी अडवायला वरून दिलेला डांबराचा पातळ थर) म्हणजे मोडलेल्या हाडावर हळदीचा लेप. मराठवाड्यात काळ्या मातीवरचे रस्ते कडेने उभे फाटतात तेही यातलंच. माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरचा थर कितीही चांगला असला तरी तो तिच्याबरोबर फाटतो.

आता उपचारांकडे. सगळ्यांत स्वस्त म्हणजे नुसत्या भेगा भरणं. भेग हवेच्या फवाऱ्याने साफ करायची, तिच्यात गरम डांबर किंवा रबर मिसळलेलं सीलंट ओतायचं, वर चिमूटभर कच भुरभुरायची. काम अगदी शिंप्याचं, आणि आमच्याकडे सगळ्यांत दुर्लक्षित. कारण उघड आहे. भेगा भरण्याच्या कामाचा नारळ फोडायला कोण येणार?

त्याच्या पुढची पायरी फॉग सीलची, म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं इमल्शन रस्त्यावर फवारणं, चौरस मीटरला लिटरभराच्या आत. वर खडी नाही. रस्ता राखाडी झालाय पण फाटलेला नाही, अशा वेळी वर्ष-दोन वर्षं काढून देतं. गुळगुळीत रस्त्यावर मात्र ते मारू नये, गाड्या घसरतात.

इमल्शन हा शब्द पुढेही येईल, म्हणून इथंच सांगतो. गरम डांबराचे अतिबारीक थेंब पाण्यात साबणासारख्या द्रव्याच्या मदतीने तरंगत ठेवले की इमल्शन होतं. रंग चॉकलेटी, पातळ दुधासारखं वाहतं. त्यात डांबर साधारण साठ ते सदुसष्ट टक्के, बाकी बहुतेक पाणी. दगडाला लागलं की ते नासक्या दुधासारखं फाटतं, डांबर दगडाला धरतं आणि पाणी वेगळं होऊन उडून जातं. चॉकलेटीचं काळं झालं की समजायचं, फाटलं. गरम डांबराला दीडशे अंशांच्या वर तापवावं लागतं, धूर होतो, मजुरांच्या हातापायांवर उडतं. इमल्शनला तो त्रास नाही, आणि खडी थोडी ओलसर असली तरी चालते. मात्र फाटायच्या आत पावसाची सर आली की सगळं चॉकलेटी पाणी गटारात.

आता माझ्या आवडीचा प्रकार, सरफेस ड्रेसिंग. रस्त्यावर डांबराचा पातळ फवारा, त्यावर एकाच दगडाच्या जाडीची खडी, वरून रोलर. बस्स, एवढंच. न्यूझीलंडमधले बहुतेक पक्के रस्ते, महामार्गही, याच पद्धतीचे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागातही हेच. आपल्याकडे मात्र हा गरिबाघरचा प्रकार समजला जातो आणि जो तो कार्पेट, म्हणजे खडी-डांबर कालवून अंथरलेला थर, मागतो.

हिशेब करून बघू. एकेरी गावरस्ता ३.७५ मीटर रुंद धरला तर किलोमीटरला ३,७५० चौरस मीटर होतात. १३ मिलिमीटरच्या खडीचं सरफेस ड्रेसिंग करायचं तर चौरस मीटरला डांबर साधारण एक किलो, म्हणजे किलोमीटरला पावणेचार टन. त्याऐवजी २० मिलिमीटरचं कार्पेट आणि वर सील कोट घेतला तर दोन्ही मिळून चौरस मीटरला जवळपास अडीच किलो, म्हणजे नऊ टनांच्या वर. हॉटमिक्सचा ३० मिलिमीटरचा घट्ट थर घेतला तर पंधरा टनांच्या आसपास. खडीचंही तसंच. ड्रेसिंगला ३५-४० घनमीटर, जाड थराला शंभराच्या वर. डांबराचा भाव कच्च्या तेलाबरोबर वरखाली होतो, म्हणून रुपये लिहीत नाही, पण पावणेचार आणि पंधरा यातला फरक कुठल्याही भावात तेवढाच राहतो.

एवढं स्वस्त आहे तर सगळे का करत नाहीत? कारण जाड थर थोडी हलगर्जी पोटात घालतो, पातळ थर अजिबात घालत नाही. खडी पसरल्यावर रोलरने आणि नंतर गाड्यांच्या चाकांनी प्रत्येक दगड आपल्या चपट्या अंगावर निजतो. डांबर दगडांच्या मधून वर चढतं आणि त्यांच्या उंचीच्या दोन-तृतीयांशापर्यंत येऊन थांबायला हवं. त्याहून कमी असेल तर दगड सुटतो आणि मागच्या गाडीची काच फोडतो. जास्त असेल तर मेच्या उन्हात डांबर वर येतं, रस्ता आरशासारखा चकाकतो आणि पहिल्या पावसात दुचाकीवाले पडतात. म्हणजे चौरस मीटरला दीड-दोनशे ग्रॅमच्या चुकीने काम बसतं किंवा फसतं.

माझं एक काम असंच फसलं होतं. नोकरीची सुरुवातीची वर्षं, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दुपारी पश्चिमेला ढग जमायचे. क्रशरवरून आलेली खडी उतरवून घेतली तेव्हा मुकादमाने मूठभर उचलली, दोन्ही तळव्यांत चोळली आणि हात माझ्यासमोर धरले. तळवे पीठ मळल्यासारखे पांढरे झाले होते. "साहेब, ही धरणार नाही." मला ते कळत होतं. पण धुवायची तर दोन दिवस जाणार, वाळायला आणखी एक, आणि पाऊस डोक्यावर. म्हटलं, टाका. टाकली. जुलैत त्या रस्त्यावरून गेलो तेव्हा खडी सगळी दोन्ही कडेला सरकून बसली होती, आणि मधे नुसतं काळं, उघडं, गुळगुळीत डांबर. डांबर दगडाला चिकटलंच नव्हतं. ते दगडावरच्या धुळीला चिकटलं होतं.

त्यानंतर खडीबाबत मी कुणाचं ऐकत नाही. ती चाळलेली, एका मापाची, धुतलेली आणि कोरडी हवी. त्याहून उत्तम म्हणजे आधीच डांबराचा हात दिलेली, वजनाच्या पाऊण ते एक टक्का डांबर चोळलेली. ढिगात ती चिकटत नाही, पण धूळ बसवून टाकते. फवारा मारला की मिनिट-दोन मिनिटांत खडी पडायला हवी. डांबर गार होऊन त्यावर साय धरली की दगड वरच राहतो. रोलर टायरचा हवा. लोखंडी चाकाचा रोलर उंचवट्यांवरचे दगड फोडतो आणि खोलगट जागी टेकतच नाही. पहिला दिवस गाड्या हळू सोडायच्या, सुटी खडी दुसऱ्या दिवशी झाडून काढायची. न्यूझीलंडमध्ये नव्या थरावर ताशी ३० किलोमीटरच्या पाट्या लागतात, ते उगाच नाही. आमच्याकडे एक बाजू बंद ठेवली तरी लोक शेतातून गाडी घालून मधूनच वर येतात.

हे सगळं नीट झालं तर साधारण रहदारीच्या रस्त्यावर असं ड्रेसिंग चार ते सहा वर्षं काढतं. मग परत एक हात. कोकणात पावसाच्या माराने हा काळ कमी धरावा लागतो.

शहरात सरफेस ड्रेसिंग चालत नाही. आवाज होतो, खडी उडते, आणि वळणावर किंवा सिग्नलला ब्रेक मारणाऱ्या गाड्या दगड खरवडून काढतात. तिथं मायक्रोसरफेसिंग बरं. यात पॉलिमर घातलेलं इमल्शन, बारीक कच, थोडं सिमेंट आणि पाणी हे सगळं एकाच गाडीवर कालवलं जातं आणि मागच्या पेटीतून इडलीच्या पिठासारखं रस्त्यावर पसरतं. जाडी चार ते आठ मिलिमीटर. याच्याच साध्या प्रकाराला, म्हणजे स्लरी सीलला, वाळायला ऊन-वारा लागतो. मायक्रोसरफेसिंग रसायनाच्या जोरावर आवळतं, त्यामुळे तास-दोन तासांत रस्ता खुला करता येतो. अडचण एकच, ती गाडी आणि ती चालवणारी माणसं मोजकी आहेत. शे-दोनशे मीटरच्या कामासाठी ती मागवणं परवडत नाही.

त्याचा एक फायदा मला फार मोठा वाटतो, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. आपल्या शहरांत दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावरच ३०-४० मिलिमीटरचा नवा थर चढतो. असे चार थर झाले की रस्ता पाच-सहा इंच वर येतो. जुन्या वाड्यांचे उंबरे, सोसायट्यांची फाटकं रस्त्याच्या खाली जातात, चेंबरची झाकणं खड्ड्यात बसतात, आणि जुलैत रस्त्यावरचं पाणी पार्किंगमध्ये शिरतं. जाड थर द्यायचाच तर आधी जुना खरवडून काढावा, ते यंत्र आता सर्रास मिळतं. पण पातळ थराने काम भागत असेल तर हा प्रश्नच उभा राहत नाही.

प्लास्टिकच्या रस्त्यांबद्दलही नेहमी विचारतात. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ती पद्धत काढली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ प्लास्टिकचे बारीक तुकडे गरम खडीवर टाकले की वितळून दगडावर आवरण धरतात, आणि मग डांबर पाण्याने सुटत नाही. पण त्यासाठी तापलेली खडी लागते, म्हणून ती हॉटमिक्सची गोष्ट आहे. वर सांगितलेल्या पातळ थरांत खडी गारच पडते, म्हणून तिथं ती बसत नाही.

यातला कुठलाही उपचार करण्याआधी एक काम उरतंच, आणि त्याला डांबर लागत नाही. साइडपट्टी. एकेरी डांबरी रस्त्याचा माथा कडेपेक्षा साधारण पावणेपाच सेंटिमीटर उंच ठेवतात, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहून जातं. पण बाजूची माती वर्षानुवर्षं चढत जाते, गवत माजतं, आणि पाणी रस्त्याच्या कडेलाच तुंबून मुरत राहतं. रस्ता कडेनेच खाल्ला जातो तो त्यामुळे. फावड्याने साइडपट्टी छाटली, चर मोकळा केला, मोरीत अडकलेला पालापाचोळा काढला, तर निम्मं काम तिथंच होतं. जुने मैलकुली हेच करायचे. प्रत्येकाला रस्त्याचा ठरावीक टप्पा नेमून दिलेला असायचा. आता ते फारसे दिसत नाहीत आणि निविदेत गवत काढण्याची ओळ सगळ्यांत शेवटी असते.

खड्डेही आधी नीट बुजवायचे. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापायच्या, सैल माल काढायचा, कडांना डांबराचा हात द्यायचा, मग माल भरून दाबायचा. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात घमेलंभर माल टाकून फावड्याने थापटला की तो पुढच्या ट्रकबरोबर निघून जातो. अशा ठिगळांवर सील कोट मारला तर ते फक्त एकसारखं काळं दिसतं, बिल काढण्यापुरतं.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० च्या डिसेंबरात सुरू झाली. तिच्या रस्त्यांची पहिली पाच वर्षांची देखभाल कंत्राटदाराकडेच असते, आणि तशी पाटी रस्त्याच्या तोंडाशी उभी असते. ती वाचा. मुदत संपायच्या आधीच्या पावसाळ्यात तुमच्या रस्त्याचा रंग आणि भेगा बघा, फोटो काढून ठेवा. पातळ थराला योग्य वेळ तीच असते, आणि पाटीवरची तारीख उलटली की विचारायचं कुणाला, हेच सापडत नाही.

सोसायटीच्या आतल्या रस्त्याचं काम निघालं असेल तर मात्र कुणालाही करता येईल अशी एक चाचणी आहे. पत्र्याचा उथळ ट्रे घ्यायचा, बाजू अर्धा-अर्धा मीटर. रिकाम्याचं वजन करायचं, फवारा येण्याआधी रस्त्यावर ठेवायचा, बाउझर वरून गेला की उचलून पुन्हा वजन करायचं, आणि वाढलेल्या वजनाला चारने गुणायचं. चौरस मीटरला किती डांबर पडलं ते कळतं. इमल्शन असेल तर त्यातलं पाणी वजा धरायचं. बिलात एक किलो आणि ट्रेत सातशे ग्रॅम, असं मी एका कामावर पाहिलंय. पहिल्यांदा वाटलं, चोरी. बाउझरवाला शपथा घेत होता. मग मागच्या दांडीच्या तोट्या उघडून बघितल्या. बारापैकी चार तोट्या जुन्या डांबराने बुजल्या होत्या, आणि त्यांच्या रेषेत रस्त्यावर कोरड्या पट्ट्या राहिल्या होत्या, झेब्र्यासारख्या. डिझेलने तोट्या धुतल्या, ट्रे पुन्हा मांडला. या वेळी नऊशे ऐंशी ग्रॅम.